दादांचं रोबोटचं ऑपरेशन आणि आम्ही दोघी

आम्ही दोघी जावा-जावा, विष्णुपुरीच्याच. केंद्रावरच्या ताई म्हणाल्या, माईकसमोर एकीनंच बोला, दोघींचे आवाज एकमेकांत मिसळतात. पण ही हकिगत एकीची नाही, म्हणून आवाज एकीचा असला तरी आम्ही दोघी बोलतोय असं समजा.

आजारी पडले ते थोरलीचे मालक. घरात सगळे त्यांना दादा म्हणतात. धाकटीचे ते भासरे. भासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणाऱ्या धाकटीवर त्यांच्या लघवीचा हिशेब वहीत लिहायची वेळ आली. सुरुवातीचे दोन दिवस त्यांनाही मान वर करवेना आणि तिलाही. तिसऱ्या दिवशी तेच म्हणाले, "लिही बाई, सहाशे झाली." आज हे सगळं रेडिओवर सांगायची परवानगी त्यांनीच दिली आहे. नाव तेवढं घेऊ नका म्हणाले.

सुरुवात रात्रीच्या उठण्यानं झाली. रात्री चार-पाच वेळा उठायचे, धार बारीक, आणि जाऊन आले तरी मोकळं वाटायचं नाही. एका ठिकाणी दाखवलं तर वय झालं म्हणून गोळ्या मिळाल्या. त्या वर्षभर चालल्या. रक्ताची तपासणी करा असं कुणी म्हटलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. दादा तेव्हा त्रेसष्ट वर्षांचे होते.

प्रोस्टेट ही फक्त पुरुषांना असलेली गाठ. लघवीच्या पिशवीच्या खाली, लघवीच्या नळीभोवती कडं घातल्यासारखी बसलेली, अक्रोडाएवढी. वय वाढलं की बहुतेक पुरुषांची ती फुगते. त्या फुगण्यानं लघवीला त्रास होतो, पण ते फुगणं म्हणजे कॅन्सर नव्हे. उलट कॅन्सर लहान असतो तेव्हा बहुतेक वेळा काहीच त्रास देत नाही. म्हणजे रात्री उठावं लागतं म्हणून घाबरू नका, आणि त्रास नाही म्हणून निश्चिंतही राहू नका. दादांच्या बाबतीत साधं फुगणं होतं आणि त्याच्या आडोशाला हा दुसरा आजारही होता.

एका लग्नाहून आले त्या रात्री लघवी पूर्ण अडली. पहाटे नळी घालून मोकळी करावी लागली. पुढे रक्तातलं पीएसए तपासलं, ते १४ च्या वर निघालं. एका आकड्यावर भरवसा ठेवू नये, कारण जंतुसंसर्गानं, लघवी अडल्यानं किंवा नळी घातल्यानंही तो वाढतो. म्हणून सहा आठवडे थांबून परत केलं. तेव्हाही १३. मग एमआरआय, आणि मग तुकडा काढून तपासणी. तुकडा काढला की कॅन्सर पसरतो असं आमच्या गल्लीत चार जणींनी सांगितलं. आम्ही डॉक्टरांना सरळ तेच विचारलं. ते हसले नाहीत, याचं बरं वाटलं. म्हणाले, तुकड्याशिवाय ही कोणत्या जातीची गाठ आहे ते कळत नाही आणि ते कळल्याशिवाय उपचार ठरत नाही.

रिपोर्टवर लिहिलं होतं ग्लिसन ४ अधिक ३, बरोबर ७. हे गणित आम्हाला मुंबईला जाईपर्यंत कुणी नीट उलगडून सांगितलं नव्हतं. सूक्ष्मदर्शकाखाली गाठीच्या पेशी किती बिघडल्यात त्याला आकडा देतात. सगळ्यात जास्त दिसणाऱ्या बिघाडाचा आकडा आधी आणि त्याखालचा नंतर. ३ अधिक ३ म्हणजे ६, ही सावकाश चालणारी जात. अशा बऱ्याच जणांना लगेच काही न करता नुसतं नियमित तपासत ठेवतात. ७ मात्र दोन तऱ्हेचा असतो. ३ अधिक ४ असेल तर जरा सौम्य, ४ अधिक ३ असेल तर जरा तिखट, बेरीज तीच असली तरी. दादांचा तिखटातला. पण एमआरआयमध्ये गाठ प्रोस्टेटच्या आतच होती आणि हाडांच्या तपासणीत कुठं काही नव्हतं. तेवढा आधार होता.

मुंबईला दुसरं मत घ्यायला गेलो ते तपोवन एक्स्प्रेसनं. जाताना रिपोर्टच्या कागदांबरोबर तुकड्याच्या काचाही मागून नेल्या होत्या. ही गोष्ट लक्षात ठेवा. मोठ्या ठिकाणी त्या काचा परत तपासतात, आणि सोबत नसतील तर त्यासाठी नांदेडला माघारी यावं लागतं. आमच्यासमोर एका जोडप्याला परत जावं लागलं. दादरला गाडगे महाराजांच्या मिशनची धर्मशाळा आहे, कॅन्सरच्या रुग्णांसाठी. परळच्या टाटा रुग्णालयात येणारी कितीतरी माणसं तिथं उतरतात. तिथं भेटलेल्या बायांकडून आम्ही जेवढं शिकलो तेवढं कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं. नळीची पिशवी कशी धुवायची, ते बीडच्या एका बाईनं शिकवलं.

आता निवडीचं सांगतो, कारण खरं डोकं तिथंच दुखलं.

डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. एक, ऑपरेशन करून सगळी गाठ काढायची. दुसरा, शेक द्यायचा, म्हणजे रेडिएशन, आणि जोडीला काही महिने हार्मोनची इंजेक्शनं. शेकाला आठवड्यातले पाच दिवस, कितीतरी आठवडे रोज जावं लागतं. दोन्ही रस्ते बरे करणारेच आहेत, असं ते दोनदा म्हणाले. इंग्लंडकडे १,६४३ पुरुषांवर मोठा अभ्यास झाला. काहींचं ऑपरेशन केलं, काहींना शेक दिला, काहींना नुसतं नजरेखाली ठेवलं. पंधरा वर्षांनी पाहिलं तर तिन्ही गटांत या आजारानं गेलेले शंभरातले साधारण तीनच. त्यातले बरेच जण दादांपेक्षा सौम्य आजाराचे होते, हेही डॉक्टरांनी लपवलं नाही. दादांना थांबायचा सल्ला त्यांनी दिला नाही, पण घाईनं उद्याच करा असंही म्हणाले नाहीत. महिनाभर विचार करा म्हणाले. कॅन्सर म्हटलं की आजच्या आज कापा असं आपल्याला वाटतं. इथं विचाराला वेळ होता, आणि तो वेळ होता म्हणूनच घरात भांडणं झाली.

दादांना ऑपरेशनच हवं होतं. "आत आहे तोवर झोप लागणार नाही," एवढंच त्यांचं म्हणणं. महिना-दोन महिने रोज शेकाला जायला परगावी राहायचं, हेही जमण्यासारखं नव्हतं. मग प्रश्न आला की उघडं ऑपरेशन करायचं की रोबोटचं.

रोबोट म्हटल्यावर धाकटीच्या डोळ्यांसमोर सिनेमातला रजनीकांत आला. तसं काही नसतं. यंत्र आपल्या मनानं काहीच करत नाही. पेशंटच्या पोटावर पाच-सहा बारीक छिद्रं पाडतात, त्यातून कॅमेरा आणि चिमट्यासारखी हत्यारं आत जातात. डॉक्टर त्याच खोलीत थोडं लांब एका पेटीत डोकं घालून बसतात, आतलं सगळं त्यांना कितीतरी मोठं होऊन खोलीसकट दिसतं, आणि त्यांची बोटं हलतील तशी आतली हत्यारं हलतात. हात थरथरला तरी यंत्र ती थरथर गाळून टाकतं. प्रोस्टेट कंबरेच्या हाडाच्या खोबणीत अडचणीत बसलेली असते, म्हणून या कामाला हे यंत्र सोयीचं. अमेरिकेत डेट्रॉइटला डॉक्टर मणी मेनन म्हणून आपल्या केरळकडचे सर्जन होते, त्यांनी २००० नंतरच्या वर्षांत प्रोस्टेटसाठी ही पद्धत रुळवली. आता तर गुरुग्रामला आपल्या देशातलं यंत्रही तयार होतं.

पण भाव! एका खाजगी ठिकाणी रोबोटचा अंदाज साडेचार लाखांच्या वर सांगितला, उघड्याचा त्याच्या निम्म्याहून कमी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. आम्ही आरोग्यमित्राकडे गेलो. तो म्हणाला, उघडं बसेल, रोबोटच्या यंत्राचा वरचा खर्च तुम्हालाच करावा लागेल. तुम्ही विचाराल तोवर नियम बदललेले असतील, म्हणून आमच्यावर जाऊ नका, ज्या दवाखान्यात जाल तिथल्या आरोग्यमित्रालाच विचारा.

धाकटीचे मालक म्हणाले, एक एकर गहाण टाकू, पण भावाला चांगलंच मिळालं पाहिजे. पुण्याच्या पोरानं कर्ज काढतो म्हटलं. दादा चिडले. "माझ्या मुतण्यासाठी जमीन लावता का?" असे शब्द. थोरली रडली. ती मनातून रोबोटच्या बाजूची होती, कारण कुणीतरी तिला सांगितलं होतं की रोबोटनं केलं की लघवी गळत नाही.

हे आम्ही मुंबईच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरातली गोष्ट सांगितली. तिथं ३२६ पुरुषांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं वाटून काहींचं उघडं केलं, काहींचं रोबोटनं. तीन महिन्यांनी पाहिलं, दोन वर्षांनी पाहिलं. लघवीवरचा ताबा आणि नवरा-बायकोचे संबंध यांत दोन्हीकडे फारसा फरक नव्हता. रोबोटमध्ये रक्त कमी गेलं. "यंत्र विचारू नका, हात विचारा," ते म्हणाले. म्हणजे डॉक्टरनं ही ऑपरेशनं किती केलीत, दर आठवड्याला करतो की वर्षातून चार, त्याच्या पेशंटपैकी वर्षभरानं किती जण कोरडे असतात.

मग आम्ही हेच प्रश्न एका कागदावर लिहून तीन ठिकाणी विचारले. एका ठिकाणी डॉक्टरांना राग आला. ते ठिकाण आम्ही सोडलं. ज्यांचा हात पटला ते एका ट्रस्टच्या दवाखान्यात रोबोटनंच करत होते, आणि तिथला खर्च त्या साडेचार लाखांपेक्षा बराच कमी होता. दवाखान्याचं नाव सांगत नाही, जाहिरात होते. वसमतच्या बाजारात विकलेल्या हळदीची पट्टी नुकतीच हातात आली होती. त्यात थोरलीचा पोहेहार मोडला आणि बचत गटाचं कर्ज घेतलं. जमीन वाचली. त्याच तोलाचा हात उघडं करणारा भेटला असता तर आम्ही उघडं केलं असतं आणि हार वाचला असता, असं आम्हाला आजही वाटतं. थोरलीला तसं वाटत नाही, हेही नोंदवून ठेवतो.

ऑपरेशनला चार तास लागले. बाहेर आले तेव्हा चेहरा सुजलेला. आम्ही घाबरलो. डोकं खाली, पाय वर असं तिरकं झोपवून ठेवतात, त्यानं सूज येते, दुसऱ्या दिवशी उतरली. पोटात भरलेल्या गॅसनं खांदे दुखतात. पोट कापलं आणि दुखतोय खांदा, हे आधी माहीत असतं तर रात्रभर काळजी केली नसती. दुसऱ्या सकाळी नर्सनं त्यांना चालवलं. पायात रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून चालायचंच. तिसऱ्या दिवशी घरी जा म्हणाले.

घरी म्हणजे नांदेड, आणि लघवीची नळी अजून दहा दिवस राहणार. गाठ काढल्यावर लघवीची पिशवी खालच्या नळीला शिवतात. तो टाका भरेपर्यंत रबराची नळी आत असते. गाडीत दादांनी लुंगी नेसली आणि लघवीची पिशवी भाजीच्या कापडी पिशवीत ठेवून मांडीच्या खालच्या पातळीला टांगली. शेजारच्या माणसानं विचारलं, काय घेतलं बाजारात? दादा म्हणाले, लिंबू सरबत. त्या प्रवासात ते हसले ते तेवढ्याला.

या दहा दिवसांतली एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. ही नळी चुकून निघाली किंवा बंद पडली, तर जवळच्या दवाखान्यात कुणाकडूनही परत घालून घ्यायची नाही. आधी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन. कारण आतला टाका कच्चा असतो, आंधळेपणानं नळी ढकलली तर तो उसवतो. आम्ही तो नंबर भिंतीवर कोळशानं लिहून ठेवला होता. पाचव्या रात्री पिशवीत थेंब येईना. दादांचं पोट फुगतंय असं त्यांना वाटायला लागलं. सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना आमच्या गावातच आहे, रिक्षा काढली होती. पण आधी फोन लावला. पलीकडून विचारलं, नळी मांडीखाली दुमडली आहे का बघा. दुमडलीच होती. सरळ केली आणि पिशवी भरली. रिक्षावाल्याला चहा पाजून परत पाठवलं.

लघवी थोडी गुलाबी आली तर पाणी जास्त प्यायचं. रक्ताच्या गुठळ्या, ताप, एकाच पायाला सूज किंवा दम लागला, तर थांबायचं नाही. संडासला जोर करायचा नाही, म्हणून आमच्याकडे पपई आणि इसबगोल. सहा आठवडे पाण्याची घागर उचलायची नाही आणि मोटारसायकल, ट्रॅक्टर बंद. दादांनी एकदा कट्टा हलवला, तेव्हा थोरली जे बोलली ते रेडिओवर सांगता येणार नाही.

नळी काढल्यावर आम्हाला वाटलं, संपलं. खरं दुखणं तिथून सुरू झालं.

उभं राहिलं की गळायचं. खोकलं, हसलं, उठलं की गळायचं. होणार हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण पहिल्या दिवशी किती पॅड लागतील आणि ते कुठून आणायचे हे सुट्टी देताना कुणी सांगितलं नाही. आमच्याकडे बायकांचे होते, तेच दिले. त्यांनी ते हातात घेतले तेव्हाचा चेहरा आम्ही विसरणार नाही. दिवसाला पाच-सहा लागायचे. दादा दर सोमवारी काळेश्वराच्या देवळात जायचे, ते बंद झालं. ओल्या कपड्यानं देवापुढं कसं जाऊ म्हणाले. पारावर बसणं बंद, लग्नकार्य बंद. पाणी पिणंही कमी केलं, म्हणजे गळणार नाही. तसं करू नका, लघवी गढूळ होते आणि जळजळ वाढते.

इथं बायांनो, आपली विद्या कामाला आली. लघवी रोखून धरायचे जे स्नायू आहेत, त्यांचा व्यायाम असतो. त्याला केगल म्हणतात. डॉक्टर केगल हे अमेरिकेतले बायकांचे डॉक्टर, त्यांनी १९४८ साली हा व्यायाम बाळंतपणानंतर गळणाऱ्या बायकांसाठी लिहिला. धाकटीला दुसऱ्या बाळंतपणानंतर तोच करायला सांगितला होता. तिनं थोरलीला शिकवला, थोरलीनं मालकांना. वारा अडवताना जे आवळतो ते आवळायचं, पोट-मांड्या सैल, श्वास चालू, पाच मोजेपर्यंत धरायचं, तेवढंच सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. उठायच्या आधी, खोकायच्या आधी आवळायचं. नळी आत असताना मात्र करायचा नाही. आणि ऑपरेशनच्या आधीच दोन-चार आठवडे सुरू केला तर बरं, हे आम्हाला उशिरा कळलं.

धाकटीनं वहीत पॅडचा हिशेब ठेवला. पहिला महिना पाच, दुसरा चार, तिसरा दोन. चौथ्या महिन्यात परत तीन झाले आणि दादा वही फेकून निघून गेले. तो महिना सोयाबीन काढणीचा होता, दिवसभर उभे राहत होते. दमल्यावर संध्याकाळी जास्त गळतं. सहाव्या महिन्यात एक, तोही नुसता धीर म्हणून. बहुतेकांना तीन महिने ते वर्ष लागतं. वर्षानंतरही खूप गळत असेल तर त्यावरही ऑपरेशन आहे.

दुसरी गोष्ट थोरलीनं सांगायची ठरवली आहे. गाठीला चिकटून बारीक शिरा जातात, त्यांच्यावर पुरुषाची ताठरता अवलंबून असते. १९८२ साली अमेरिकेतल्या वॉल्श नावाच्या सर्जननं त्या शिरा राखून गाठ काढायची रीत बसवली. त्याआधी जवळजवळ सगळ्यांचीच ती शक्ती जायची. दादांची गाठ एका बाजूला कडेजवळ होती, म्हणून एकाच बाजूच्या शिरा राखता आल्या. त्या राखल्या तरी सावरायला दीड-दोन वर्षंही लागतात. गोळ्या दिल्या आहेत. छातीच्या दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्यानं त्या घ्यायच्या नसतात, म्हणून मेडिकलमधून आपल्या मनानं आणू नका. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर हे सगळं दादांना एकट्याला सांगत होते. थोरली म्हणाली, मलाही सांगा. दादा ओशाळले. पण पुढं चार-पाच महिने ते वेगळ्या खोलीत झोपायला लागले तेव्हा त्यामागं काय आहे हे तिला कळत होतं. न कळतं तर तिनं काय काय मनात आणलं असतं. एक दिवस तिनंच त्यांची वाकळ उचलून आत आणली. अजून सगळं पूर्वीसारखं नाही. ती म्हणते, तेवढं सांग आणि पुढं जा.

काढलेल्या गाठीचा रिपोर्ट चांगला आला, कडा मोकळ्या होत्या. सहा आठवड्यांनी पीएसए ०.१ च्या खाली. गाठच नाही म्हटल्यावर ते जवळजवळ शून्यच असायला हवं. हळूहळू वाढायला लागलं तर शेक देता येतो, म्हणून तपासणी चुकवायची नाही. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, नांदेडलाच रक्त देतो आणि रिपोर्ट फोनवरून पाठवतो.

आणि धाकटीचे मालक. सख्ख्या भावाला हा आजार असेल तर आपला धोका साधारण दुपटीनं वाढतो, हे आम्ही मुंबईतच ऐकलं होतं. घरात बाप-भावाला असेल तर पंचेचाळिशीपासून, नसेल तर पन्नाशीला डॉक्टरांशी पीएसएबद्दल बोलावं. घरातल्या बायकांना स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर तेही सांगावं, कधीकधी मुळं एकच असतात. ते चार महिने आज-उद्या करत होते. शेवटी दादांच्या तपासणीच्या दिवशी दादांनीच त्यांना मोटारसायकलवर मागं बसवून नेलं आणि दोघांनी शेजारी बसून रक्त दिलं. धाकटीनं दोन दिवस भाकरी धड खाल्ली नाही. १.१ आलं.

आता दादा सोमवारी काळेश्वराला जातात. पायऱ्या उतरण्याआधी क्षणभर थांबतात. लोकांना वाटतं, नमस्कार करतायत. आम्हाला माहीत आहे, आधी आवळून घेतात. पुढची तपासणी दसऱ्यानंतर आहे.